किमोच्या त्रासावर फिरणारा ‘आहाराचा’ मेसेज : एकेक मुद्दा तपासून

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की चार दिवसांत घरच्या ग्रुपवर एक मेसेज येतोच. कधी तो कुण्या ‘डॉ. गुप्ता’ यांच्या नावाने असतो, कधी टाटा हॉस्पिटलच्या नावाने. शब्द बदलतात, मुद्दे तेच. साखर, भात, दूध बंद केलं की कॅन्सर उपाशी मरतो. उपाशीपोटी लिंबूपाणी, कच्ची हळद आणि कडुलिंब घेतला की किमोचं विष धुऊन निघतं. उलटी म्हणजे शरीर विष बाहेर टाकतंय, ती गोळ्यांनी दाबू नये. पपईच्या पानांच्या किंवा गव्हांकुराच्या रसाने किमोत उतरलेल्या रक्तपेशी वाढतात. ताप आला तर घाबरू नये, ती शरीराची लढाई आहे. आणि हातापायांच्या मुंग्या बी-१२ घेतलं की जातात.

२०१९ मध्ये टाटा मेमोरियलचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने ‘गरम नारळपाणी कॅन्सर मारतं’ असा मेसेज फिरला होता. तो खोटा असल्याचं रुग्णालयाला जाहीर करावं लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर अशाच आहाराने हटल्याचं पत्रकार परिषदेत सांगितलं आणि या साऱ्याला नव्याने जोर आला. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी लगेच पत्रक काढून सांगितलं की या दाव्यांना भक्कम पुरावा नाही आणि त्यांच्या मागे लागून कुणी उपचार लांबवू नयेत. त्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि किमोही झाली होती, हा भाग मेसेज पुढे ढकलताना गळून गेला.

पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण हा मेसेज जे सोडायला सांगतो, नेमकं त्याच्याच आधारावर किमोचे डोस वेळेवर पूर्ण होतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. उदाहरणासाठी नेहमीचा क्रम धरू: आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे ‘एसी’, असे चार डोस दर १४ किंवा २१ दिवसांनी, नंतर पॅक्लिटॅक्सेल, बऱ्याचदा दर आठवड्याला.

साखर, भात, दूध बंद

यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते पटतं. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात. शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट (PET) स्कॅन त्यावरच चालतो. पण ग्लुकोज शरीरातली प्रत्येक पेशी वापरते, आणि भात-पोळी सोडली तरी रक्तातली साखर शून्यावर येत नाही. लिव्हर ती तयार करतं, आधी साठ्यातून आणि मग स्नायूंमधल्या प्रथिनांतून. गाठ उपाशी राहत नाही, बाईचे दंड आणि मांड्या मात्र झिजतात. मग अशक्तपणा वाढतो, पुढचा डोस सोसत नाही, तो लांबतो किंवा कमी करावा लागतो.

किमोच्या काळात दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. वजन ६० किलो असेल तर ७२ ते ९० ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १४, दोन ग्लास दूध १२-१३, १०० ग्रॅम पनीर १८, मूठभर शेंगदाणे ७, आणि दिवसभरातल्या पोळ्या-भाकऱ्यांचे १० धरले की कसेबसे सत्तरच्या पुढे जातो. यातून दूध आणि पनीर काढा, तीस ग्रॅम गेले. घरात अंडी खात नसतील तर उरलं काय? (किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा.)

याचा अर्थ गोडावर ताव मारा असाही नाही. किमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने रक्तातली साखर वाढते आणि भूकही. स्तनाच्या कॅन्सरच्या किमोत अनेकींचं वजन घटण्याऐवजी वाढतं, तेही चरबीचं. मधुमेह असेल तर डोसनंतरचे तीन-चार दिवस घरी साखर तपासायला हवी. सरबतं, मिठाया, ‘ताकदीच्या’ गोड पावडरी आवरा. भात आणि भाकरी मात्र सोडू नका.

लिंबू, हळद, कडुलिंब आणि ‘विष धुणं’

लिंबाने रक्ताचा आम्लपणा बदलत नाही. फुफ्फुसं आणि किडन्या तो अगदी अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. लिंबाची फोड हुंगली किंवा जिभेला लावली की मळमळ आणि तोंडातली धातूसारखी चव थोडी हटते, तेवढा उपयोग जरूर करावा. पण तोंड आलं असेल तर तेच लिंबू आग करतं, आणि स्टेरॉइड चालू असताना उपाशीपोटी घेतलं की पित्त उसळतं.

औषध शरीराबाहेर टाकतात ते लिव्हर आणि किडन्या. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, त्यामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला त्रास होऊ नये म्हणून डोसच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोन-अडीच लिटर पाणी प्यायचं (हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच), लघवी तुंबवून ठेवायची नाही. दोन दिवसांनंतरही लाली राहिली, जळजळ झाली किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या तर डॉक्टरांना फोन करायचा.

आमटीतली हळद चालू द्या. प्रश्न आहे तो हळदीच्या कॅप्सूलचा, चमचा-चमचा पावडरीचा आणि रोजच्या काढ्यांचा. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्हींचा निचरा मुख्यतः लिव्हरमधून होतो. लिव्हर बिघडलं, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातला घटक) वाढलं की औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि तोंड येणं, रक्तपेशी उतरणं असे सगळे त्रास दुणावतात. डॉक्टरांना डोस थांबवावा लागतो. गुळवेल घेणाऱ्या ६ जणांना लिव्हरची इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी किमोच्या मध्यात लिव्हरवर असा प्रयोग करण्याचं कारण काय? जे काही घेताय त्याची बाटली, पुडी, पाकीट फाइलसोबत डॉक्टरांसमोर ठेवा. न सांगता घेतलेला काढा सर्वांत वाईट, कारण रिपोर्ट बिघडल्यावर दोष किमोला दिला जातो.

‘उलटी दाबू नका’

किमो शिरेतून जाते, पोटात नसतेच. उलटीतून बाहेर पडतं ते अन्न, पाणी आणि क्षार. औषध शरीराबाहेर जाण्याचा तो मार्ग नाही. उलटी होते कारण औषधामुळे आतड्याच्या आवरणातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला इशारा जातो. पहिल्या २४ तासांनंतर सबस्टन्स पी नावाच्या दुसऱ्याच रसायनाचा जोर चढतो. म्हणूनच एक गोळी पुरत नाही.

‘एसी’ ही सर्वांत जास्त उलट्या करणाऱ्या किमोंमध्ये मोडते. तिच्यासोबत सहसा चार औषधं लागतात: ओन्डानसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉनसारखं एक, अॅप्रेपिटंट (पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस ८०), डेक्सामेथासोन आणि रात्री ओलान्झापिन. चूक कुठे होते ती पाहा. पहिला दिवस बरा जातो, म्हणून गोळ्या थांबवल्या जातात, आणि तिसऱ्या दिवशी पाणीही ठरत नाही. मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उसळते. गोळ्या मळमळ नसतानाही, लिहून दिलेल्या दिवसांपर्यंत, घड्याळ लावून घ्यायच्या.

दुसरी चूक ओलान्झापिनची. घरातलं कुणी मोबाइलवर नाव शोधतं, ‘मानसिक आजाराचं औषध’ असं वाचतं आणि गोळी परस्पर काढून टाकली जाते. मळमळीवर ते फार चांगलं चालतं, आणि या कामासाठीची मात्रा छोटी असते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यात बहुतेक स्तनाच्या कॅन्सरच्याच रुग्ण होत्या, २.५ मिलिग्रॅमची गोळी १० मिलिग्रॅमच्या गोळीइतकीच उपयोगी ठरली आणि दिवसा येणारी तीव्र गुंगी ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. खूप झोप येत असेल तर गोळी बंद करू नका, मात्रा कमी होईल का ते विचारा.

डेक्सामेथासोन सकाळी, काहीतरी खाऊन. संध्याकाळी घेतलं तर रात्रभर डोळा लागत नाही. ओन्डानसेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी मागून ठेवा. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्यासोबत, नाहीतर ते आतच घट्ट बसतं.

खाणं थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी. फोडणीचा वास नको वाटतो तेव्हा गार किंवा कोमट पदार्थ जातात: दहीभात, मेतकूट-भात, नाचणीची आंबील, पेज. डोसच्या दिवशी आवडीचा पदार्थ मुद्दाम करून घालू नका. मळमळीशी त्याची सांगड बसते आणि मग महिनोन् महिने तो नकोसा होतो. २४ तास पाणी ठरलं नाही किंवा लघवी गडद होऊन कमी झाली तर घरी थांबायचं नाही, सलाइनची गरज असते.

तोंड आल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात, मिश्रण रोज ताजं. मद्यार्क असलेला माउथवॉश नको.

पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर

पपईच्या पानांचे अभ्यास झाले ते प्रामुख्याने डेंग्यूत, प्लेटलेट्ससाठी. ‘एसी’ने उतरतात त्या मुख्यतः पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल. म्हणजे औषधच वेगळ्या दुखण्याचं. गव्हांकुरावर छोटे अभ्यास आहेत, पण उपचार बेतावेत इतकं बळ त्यांत नाही. आणि हे रस कच्चे असतात. मातीतले जंतू पानाला चिकटून येतात, ते नुसत्या धुण्याने पुरते जात नाहीत, आणि पेशी उतरलेल्या असताना तेच जंतू रक्तात पोचू शकतात.

न्यूट्रोफिल वाढवायला फिलग्रास्टिमची रोजची इंजेक्शनं किंवा पेगफिलग्रास्टिमचं एकच ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन असतं. ते किमोनंतर किमान २४ तासांनी घ्यायचं. परत यायला लांब पडतं म्हणून त्याच दिवशी टोचून घेऊ नये, नव्याने तयार होणाऱ्या पेशीच किमोत सापडतात. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. मेडिकलमधून आणताना ते थेट बर्फाला टेकवलं तर गोठून खराब होतं, मध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा. नंतर दोन-तीन दिवस कंबर, मांड्या, छातीची हाडं ठणकतात. हाडांतली, रक्तपेशी तयार करणारी मज्जा कामाला लागल्याची ती खूण आहे.

याच्या उलट टोकाला जाऊन सगळी फळंही बंद करतात, त्याची गरज नाही. स्वच्छ धुऊन घरी सोललेलं केळं, पपई, मोसंबं चालतं. बाहेरची कापलेली फळं, पाणीपुरी, उसाचा रस आणि कच्चं अंडं टाळा.

ताप : इथे मेसेज जिवावर उठतो

बाकीच्या मुद्द्यांनी हाल होतात, या एका मुद्द्याने जीव जातो. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी न्यूट्रोफिल तळाला असतात. ते ५०० च्या खाली गेले की साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी पू होत नाही, लाली-सूज फारशी दिसत नाही, कारण पू तयार करणाऱ्या पेशीच नसतात. दिसतो तो फक्त ताप. तो पॅरासिटामॉलने उतरवला की उरलेली एकमेव खूणही पुसली जाते.

घरात डिजिटल थर्मामीटर हवा. तोंडात मोजत असाल तर गरम चहानंतर अर्धा तास थांबा. काखेत आकडा थोडा कमी येतो, म्हणून रोज एकाच पद्धतीने मोजा. १००.४ फॅरेनहाइट किंवा अधिक आलं की निघायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहायची नाही. हुडहुडी भरली, खूप गळून गेल्यासारखं झालं, पण ताप नाही, तरीही निघायचं. स्टेरॉइडमुळे ताप कधी दिसतच नाही. गुदद्वारातून थर्मामीटर, तापाची वडी किंवा एनिमा, यांतलं काहीही नको, तिथल्या बारीक जखमेतून जंतू आत शिरतात.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: ‘किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप इतका आहे.’ हे न सांगितल्यामुळे पेशंट साध्या तापाच्या रांगेत बसून राहते. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून जायला हवा. औषधांची नावं, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) आणि डोसची तारीख असलेला कागद पिशवीत तयार ठेवा.

मुंग्या आणि बी-१२

शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते. रक्त तपासून ती निघाली तर भरून काढावी. पण पॅक्लिटॅक्सेलने येणाऱ्या मुंग्यांचं कारण वेगळं आहे. मज्जातंतूंमध्ये मालवाहतूक करणाऱ्या सूक्ष्म नळ्यांवर हे औषध काम करतं, म्हणून सर्वांत लांब तंतूंची टोकं, पायाची आणि हाताची बोटं, आधी बधिर होतात. हे हमखास टाळणारी गोळी अजून नाही. ‘नसांच्या ताकदीच्या’ काही गोळ्यांत मिथाइलकोबालामिनसोबत असिटिल-एल-कार्निटिन असतं; स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्याने बधिरपणा उलट वाढला. पाकिटावरचे घटक वाचा आणि तो असेल तर डॉक्टरांना दाखवा. मुंग्यांसोबत वेदना असेल तर ड्युलोक्सेटिनचा उपयोग होतो, तेही लिहून दिल्यावरच.

यात खरा उपाय डोस कमी करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा असतो, आणि तो निर्णय तुम्ही सांगितलं तरच होतो. ब्लाउजचे हुक लागत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, असं नेमकं सांगा. ‘थोड्या मुंग्या येतात’ एवढ्यावर कुणाचं लक्ष जात नाही. तवा, गरम पाण्याची पिशवी, आंघोळीचं पाणी बोटांनी न चाचपता कोपराने तपासा. आणि हे सगळं दर आठवड्याच्या डोसला सुई लागण्याआधी सांगा, औषध चढायला लागल्यावर नाही.