‘तुमचा इसहाक वेदीवर ठेवा’ म्हणे! बायबलमधल्या उत्पत्तीचा 15 वा अध्याय वाचलाय का कोणी?

गेले पंधरा दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय, मला तर तीन ग्रुपवर आला. थोडक्यात मजकूर असा की अब्राहामाने आपला मुलगा इसहाक अर्पण म्हणून दिला म्हणून देवाने त्याच्याशी करार केला, तेव्हा तुम्हीपण तुमची सगळ्यात लाडकी वस्तू अर्पण करा, अर्पण जेवढं मोठं तेवढी सुटका मोठी, करारामुळे देव बांधलेला आहे, विश्वास असेल तर 7 दिवसांत उत्तर येणारच. खाली क्यूआर कोड. मी चर्चला जाणाराच माणूस आहे, दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) देतो, देण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण परवा मावशीची व्हॉइस नोट आली, ‘बाळा, माझ्या पाटल्या म्हणजे माझा इसहाक का रे?’ आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

‘इसहाक दिला म्हणून करार झाला.’ अहो, क्रमच उलटा लावलाय. देवाचं बोलावणं आणि वंश वाढवण्याचं वचन 12 व्या अध्यायात, तेव्हा अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) 75 वर्षांचा. करार 15 व्यात. इसहाक झाला तेव्हा बाप 100 वर्षांचा, आणि मोरियाची गोष्ट, म्हणजे इसहाकाला वेदीवर ठेवलं ती, येते थेट 22 व्यात. म्हणजे इसहाक हेच त्या वचनाचं फळ, मग तो वचनाची किंमत कसा काय होईल? आता कोणी म्हणेल की 22:16 मध्ये देव स्वतःच म्हणतो, तू हे केलंस म्हणून मी तुला आशीर्वाद देईन. आहे ते वाक्य, कशाला लपवू. पण आधी दिलेलं वचनच तिथे शपथेने पक्कं होतंय. आणि शेवटी वेदीवर गेलं कोण? झुडपात शिंगं अडकलेला एडका. अब्राहामाने घरून लाकूड, विस्तव, सुरी सगळं आणलं होतं, तो एडका तेवढा आणला नव्हता. म्हणून तर जागेचं नाव ‘यहोवा यिरे’, परमेश्वर पुरवील.

‘करारामुळे देव बांधलेला आहे.’ हो, पण बांधलं कोणी? इथे जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते अख्ख्या फॉरवर्डची हवा इथेच निघते. 15 व्यात देव अब्रामाला आणायला सांगतो: तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला, एक पारव्याचं पिल्लू. पाखरं सोडून बाकीची जनावरं मधोमध चिरलेली, अर्धं इकडे अर्धं तिकडे समोरासमोर, आणि अब्राम बिचारा मांसावर उतरणारे पक्षी हाकलत बसलाय. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, करार ‘कापतात’. चिरलेल्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे मी करार मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो, यिर्मयाच्या 34 व्या अध्यायात हीच रीत परत दिसते. मग इथे चालत गेलं कोण? सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते आणि अंधारात त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. अब्राम गेलाच नाही! देवाने स्वतःला स्वतःच बांधून घेतलं, आणि आपण क्रूसाकडे बघतो तेव्हा त्या शपथेची किंमत कोणी भरली तेही दिसतं. हे मावशीला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणते, ‘म्हणजे करार झाला तेव्हा हा झोपलेला?’ हो मावशी, अगदी डाराडूर.

‘अर्पण मोठं, सुटका मोठी.’ मिसरातल्या वल्हांडणाला, म्हणजे गुलामगिरीतून सुटकेच्या रात्री, कुटुंब लहान असेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून एकच कोकरू घ्यायला सांगितलंय. लेवीय या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले द्यावेत, तेही नसतील तर थोडं पीठ. येशूच्या जन्मानंतर मरीयेने मंदिरात दिलं ते गरिबाचंच अर्पण, दोन पाखरं. गरीब विधवेने होत्या नव्हत्या त्या दोन दमड्या दिल्या ती गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्यांना तोंडपाठ असते, पण मार्काच्या 12 व्या अध्यायात त्याच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांवर, बरसतो, तिथे बरोबर पान उलटतात.

‘विश्वास असेल तर 7 दिवसांत सुटका.’ दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख, अबेद्नगो हे तिघं, मूर्तीला नमत नाहीत म्हणून जळत्या भट्टीत टाकायची धमकी मिळाल्यावर, राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्यांना कोणी मुदत दिली नव्हती.

आणि प्रेषितांची कृत्ये 12. हेरोद राजा योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो. दोघंही येशूचे अगदी जवळचे शिष्य. याकोबाच्या घरच्यांनी काय कमी अर्पण केलं होतं? बरं, पेत्रासाठी मंडळी मन लावून प्रार्थना करत होती, त्यांचा विश्वास किती भक्कम तो पण बघा. तो सुटून दाराशी येतो, रुदा नावाची पोरगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरून आत धावते, आणि प्रार्थनेला बसलेले सगळे तिलाच म्हणतात, तुला वेड लागलंय. पेत्र आपला बाहेर दार ठोकतोय.