अर्धी उरलेली ट्यूब

घरातल्या औषधांच्या डब्यात तळाशी एक ट्यूब असते. खालून गुंडाळत आणलेली, टोपण नीट न बसणारी, अर्धी उरलेली. कुणासाठी आणली, कधी आणली, कुणालाच आठवत नसतं. पण घरात कुणाला खाज सुटली की ती बरोब्बर वर येते. "ही लाव, मला मागे लागू पडली होती."

त्या ट्यूबबद्दल लिहायचंय. विषय जांघेतला आहे, तेव्हा ज्यांना नको त्यांनी इथूनच पुढे सरकावं. गजकर्णाबद्दल, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीबद्दल, कुणी उघड बोलत नाही आणि त्यामुळेच सगळे एकमेकांच्या ट्यूबा वापरतात, असं माझं मत झालंय.

मला गेल्या वर्षी झालं. खाज म्हणजे साधीसुधी नाही, चारचौघांत बसवेना आणि रात्री झोप लागेना अशी. एका मित्राला दबक्या आवाजात सांगितलं. त्याने लगेच क्रीमचं नाव सांगितलं, म्हणजे तोही त्यातून गेलेला. लावलं. दुसऱ्या दिवशी खाज गायब! तिसऱ्या दिवशी लाली उतरली. पाचव्या दिवशी मी ट्यूब डब्यात टाकली आणि मित्राला मनोमन दुवा दिला.

बारा दिवसांनी परत. पुन्हा ट्यूब, पुन्हा चार दिवसांत आराम, पुन्हा डबा. असे सात महिने काढले. दर वेळी ते थोडं जास्त पसरून यायचं आणि दिसायलाही बदलत चाललं होतं. सुरुवातीची ती स्पष्ट, खवलेदार, गोल कड राहिली नाही, नुसताच तांबूस पसारा. शेवटी मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट रेघा उमटल्या तेव्हा घाबरलो आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी ट्यूब मागितली. उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि पेनाने एका नावाभोवती गोल काढला. ट्यूबमध्ये तीन औषधं होती: क्लोट्रिमाझोल, बेक्लोमेटासोन, निओमायसिन. पहिलं बुरशीवरचं, तिसरं जिवाणूंवरचं. गोल मधल्याभोवती होता. "हे स्टिरॉइड. तुमची खाज ह्याने थांबली. बुरशीची मात्र चंगळ झाली."

खाज आणि लाली ही बुरशीची करामत नसते, ती आपल्या शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. स्टिरॉइड ती लढाई थांबवतं. आपल्याला वाटतं बरं झालो. आत शत्रू निवांत पसरतो आणि कड पुसट झाल्यामुळे डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. ह्या अवताराला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. हे नाव 1968 सालचं आहे. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट मला सात महिने घालवून कळली. जांघेतली त्वचा मुळात पातळ, घडीत दबलेली, तिथे स्टिरॉइड जास्तच मुरतं. त्या रेघा त्वचा आतून फाटल्याच्या होत्या. रंग फिका झालाय, पण त्या आता कायमच्या.

मग डॉक्टरांनी कडेवरची थोडी त्वचा खरवडून काचेवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मलाही बघू दिलं. विरघळलेल्या पेशींमधून फांद्या फुटलेले बारीक धागे गेलेले. हे माझ्या अंगावर राहत होतं, माझ्या त्वचेतलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन.

आता कुणाला वाटेल की मी चिठ्ठीशिवाय औषध विकायला विरोध करणार. अजिबात नाही. साध्या गजकर्णाला, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना, शिब्यांना दर वेळी डॉक्टर गाठायची गरज नाही. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, टर्बिनाफिन ही सगळी मंडळी वेगवेगळ्या टप्प्यांवर ते एर्गोस्टेरॉल तयार होणं बंद पाडतात. आपल्याला फारसा धक्का न लावता तिला मारायची सोय, म्हणून ही क्रीमं स्वतःच्या हाताने लावण्याइतकी सुरक्षित. माझा राग ह्या साध्या क्रीमांवर नाही. त्यांच्या शेजारी तशाच रंगीत खोक्यात उभ्या असलेल्या 'तीन इन वन' मिश्रणांवर आहे. ती लवकर आराम देतात, म्हणून तीच लोकप्रिय होतात, आणि मित्र मित्रांना तीच सांगतात.

बुरशी बुरशीतही फरक असतो बरं का. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन ह्या दोन अमेरिकन संशोधिका, एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. नमुने टपालाने एकमेकींना पाठवून त्यांनी एक औषध शोधलं आणि 1950 मध्ये जाहीर केलं. न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचं नाव निस्टॅटिन. त्यावर मिळालेले एक कोटीहून जास्त डॉलर त्यांनी संशोधनाला देऊन टाकले. (ही गोष्ट मला इतकी आवडली की इथे घुसवलीच.) तर हे निस्टॅटिन कॅन्डिडावर, म्हणजे तोंडात किंवा योनीमार्गात होणाऱ्या बुरशीवर उत्तम, पण गजकर्णावर शून्य. 'बुरशीचं औषध' एवढंच म्हणून चालत नाही ते असं.

लावायचं कसं, हेही मला चाळिशीत शिकावं लागलं. मी जिथे खाज तिथे लावायचो, बहुतेक मधोमध. गजकर्ण आतून बाहेर पसरतं, मधला भाग निवळत जातो म्हणून तर ते कडं दिसतं. जिवंत, धावती बुरशी कडेला, आणि कडेच्या पुढे न दिसणाऱ्या त्वचेतही. म्हणून कडेबाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं, बाहेरून आत यायचं, त्वचा धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावर. क्लोट्रिमाझोल असेल तर दिवसातून दोनदा, जांघेत साधारण दोन आठवडे, पायाला चार. दिसायचं बंद झालं तरी पुढे आणखी एक-दोन आठवडे. टर्बिनाफिनला बऱ्याचदा कमी दिवस पुरतात. पाचव्या दिवशी ट्यूब डब्यात, हे कशातच बसत नाही.

आणि एक गोष्ट, जी ऐकून बायको दोन दिवस हसत होती. आधी मोजे घालायचे, मग चड्डी! पायाला चिखल्या असतील तर चड्डी चढवताना बुरशी पायावरून थेट जांघेत पोचते. माझ्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये पांढरी, ओलसर, भेगाळलेली त्वचा कित्येक वर्षं होती. तिला मी आजार समजतच नव्हतो. बहुतेक मूळ तिथेच होतं.

नखं आणि डोक्याची त्वचा ह्यांच्या वाट्याला मात्र ट्यूब घेऊन जाऊ नका. लहान मुलाच्या डोक्यावर चट्टा पडून केस तुटत असतील तर पोटातून औषध लागतं, वरून लावून केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. नखाचंही बहुधा तेच, शिवाय पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेव्हा महिनाभरात फरक बघू नये. शिब्यांमध्ये उलटा घोटाळा होतो. बुरशी मेलेली असते, पण पांढुरके डाग पुढे काही महिने राहतात आणि माणूस उगाच क्रीम चोळत बसतो.

बायकांच्या बाबतीत अंदाज आणखी चुकतात. 2002 मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका पाहणीत योनीमार्गातल्या बुरशीचं औषध स्वतःहून विकत घेणाऱ्या 95 जणींना तपासलं, तर नुसता बुरशीचाच संसर्ग जेमतेम एक तृतीयांश जणींना होता. त्यामुळे पहिल्यांदाच होत असेल, गर्भारपण असेल किंवा ते पुन्हापुन्हा येत असेल तर आधी तपासणी. पुन्हापुन्हा येत असेल तर रक्तातली साखरही बघून घ्यावी, बाई असो की पुरुष. कधीकधी मधुमेहाचा पहिला निरोप हाच असतो.

माझी सुटका मिश्रण बंद करून, गोळ्या आणि साधं क्रीम, अशी सहा आठवड्यांनी झाली. स्टिरॉइड थांबवल्यावर पहिले काही दिवस खाज दुपटीने उसळली, ते डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर मी पुन्हा डब्यातच हात घातला असता. मी त्यातल्या त्यात नशीबवान. टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची गजकर्णाच्या बुरशीची जात 2020 मध्ये ओळखली गेली आणि आता कितीतरी देशांत सापडतेय. ती फोफावण्यात स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमांचाही हात असावा असा तज्ज्ञांचा संशय आहे.

माझी मागणी अगदी छोटी आहे. खोक्यावर औषधाचं नाव ज्या आकारात छापता, त्याच आकारात 'किती आठवडे' ते छापा. आणि स्टिरॉइड असेल तर तेही त्याच आकारात. घडीपत्रिकेतली अक्षरं वाचायला मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं होतं.

परवा भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ठेवेना. मग आवाज खाली आला. "मामा, तुला ती कुठली ट्यूब लागू पडली होती रे?"

"तुझ्याकडे आत्ता आहे का कुठली?"

"आहे. मित्राने दिलीय. भारी आहे, दोन दिवसांत खाज गेली."

"मागे काय लिहिलंय ते वाच. सगळं."

बराच वेळ नुसती खुडबुड. "क्लो... क्लोबेटासोल... अरे, किती बारीक आहे हे!" तेच, स्टिरॉइड.

"फोटो काढ, मोठा करून वाच. मी धरतो फोन."