वहीतले 90 दिवस

आमच्या गोव्यात, वास्कोतल्या ग्रुपांवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. झुआरीनगरच्या कामगार वस्तीत ‘समाजसेवा’ करणारी घाट्यांची, म्हणजे घाटापलीकडून आलेल्यांची, पोरं पुढाऱ्यांची माणसं आहेत, मतं वाढवायला मतदार कार्डं काढून देतात, लोकांना फुकटची सवय लावतात. नेतृत्व वगैरे सगळं थोतांड, असं त्यात म्हटलंय. दोन वर्षं दर रविवारी मी तिथे गणित शिकवायला जाते, त्यामुळे गप्प राहवत नाही.

आधी कार्डांचं. मतदारयादीत नाव स्वयंसेवक घालत नाहीत, नोंदणी अधिकारी घालतो. वय 18 पूर्ण हवं आणि राहणं तिथलंच हवं, ही अट 1950 च्या कायद्यातली. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, हेही त्यातच आहे. कर्नाटकातल्या गदगहून आलेल्या माणसाला ‘आधी गावचं नाव काढ’ असं ही पोरंच सांगतात, मी ऐकलंय.

फुकटचं म्हणाल तर बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाचा पैसा येतो बांधकामाच्या खर्चावरच्या 1 टक्का उपकरातून. ज्या इमारतींत आपण राहतो, त्या बांधणाऱ्यांचा तो हक्क. पण नोंदणीला मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि रोज तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, उभं राहून नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या बाईने ते दाखवायचं कसं?

वस्तीत एकोणीस वर्षांची एक लमाणी मुलगी आहे, तिची आई घमेली उचलते. तिने दोनशे पानी वहीत रकाने आखले: तारीख, साइट, मुकादम, मजुरी. रोज संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरून कन्नडमध्ये विचारायची, देवनागरीत लिहायची. पहिल्यांदा मंडळाच्या कचेरीत गेली तेव्हा दोन तास दाराशी उभी राहून तशीच परतली होती. तीन महिन्यांनी तिथे ‘90 दिवस कशावरून?’ असं विचारल्यावर तिने वही टेबलावर उघडून ठेवली, आणि ही चालत नसेल तर काय चालतं ते लिहून द्या म्हणाली. तिच्यामागे सात बायका उभ्या होत्या. याला नेतृत्व म्हणायचं नाही, तर मग कशाला?

निवडणूक जवळ आली की पक्षाची माणसं या पोरांना गाठतात, हे मात्र खरं आहे. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा असाच पक्षाकडे गेला. त्याचं वाईट वाटतं. बाकीचे अकरा जण राहिले, त्यांच्याबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही.

‘घाटी’ लिहिणाऱ्यांनी आपल्याच घरात विचारावं. मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, गोंयकार दाटीवाटीने राहिले. 1919 मध्ये मुंबईतच गोवा हिंदू असोसिएशन उभी राहिली, तीही परक्या शहरात एकमेकांना धरून राहायला. तेव्हा तिथले ‘भायले’, बाहेरचे, आपणच होतो.

मार्चमध्ये त्या मुलीची परीक्षा होती, म्हणून वही अकरावीतल्या दोन मुलांकडे गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मुकादमांची नावं लिहिली नाहीत. रात्री नऊला तिने त्यांना परत खोल्याखोल्यांत पाठवलं.