जुन्या गाडीला नवे वायपर घेताय? आधी आर्म तपासा

पावसाळा तोंडावर आला की जुनी मारुती ८००, झेन, इंडिका, सँट्रो वापरणारे बरेच जण दुकानातून महागातले फ्रेमलेस (वर पत्र्याची फ्रेम नसलेले) वायपर आणतात. पहिल्याच सरीत काचेवर पुन्हा त्याच रेघा. दोष बहुतेक वेळा आर्ममध्ये, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्यात, नाहीतर काचेवर असतो. ब्लेडचा नंबर शेवटचा.

आर्मच्या बुडाशी एक स्प्रिंग असते. १५-२० वर्षांत ती गंजून दमते. मग काचेवरचा दाब कमी होतो आणि हायवेला वेग घेतला की वारा ब्लेडला उचलतो. दोन्ही आर्म बोटाने उचलून पाहा, एकाची ओढ कमी लागली तर तो आर्म बदला. उघडा आर्म सुटून आपटला तर काच तडकू शकते, म्हणून ब्लेड काढण्याआधी काचेवर टॉवेलची जाड घडी ठेवाच.

आता पीळ. रबराची बारीक धार जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे कलंडायला हवी. आर्मचं टोक काचेला समांतर नसेल तर ती एका दिशेला पलटतच नाही, ताठ उभी राहून काचेवर थडथडते. वायपर एकाच बाजूला जाताना थरथरत असेल तर हेच कारण धरा. एका पकडीने आर्म घट्ट धरून दुसरीने टोक अगदी हळू पिळा. किंचित फरक पुरतो.

वायपर काचेच्या मध्यावर असताना चावी बंद करा आणि आर्म हाताने हलवा. टोक बोटभर इकडेतिकडे जात असेल तर लिंकेजचे (मोटर आणि आर्म जोडणाऱ्या दांड्यांचे) सांध्यातले बुश झिजलेत. वायपर नुसता रेंगाळत असेल तर मोटर बदलण्याआधी तिची अर्थिंग (बॉडीला जोडलेली वायर) घासून साफ करा आणि आर्म ज्यावर फिरतो तो शाफ्ट जाम आहे का ते पाहा.

दोन्ही दिशांना थरथर होत असेल तर काचेवर पॉलिशचा किंवा तेलाचा थर आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा, रबराची धारही पुसा. नखाला लागणारा ओरखडा मात्र पुसून जात नाही.

एवढं झाल्यावर ब्लेड. काच जितकी सपाट, तितकी साधी फ्रेमवाली बरी. ती काचेच्या आकाराप्रमाणे वळते, फ्रेमलेसची वक्रता जुळली नाही तर टोकं किंवा मधला पट्टा पुसलाच जात नाही. जुन्या ब्लेडची लांबी मोजूनच नवं घ्या. लांब ब्लेड घेतलं तर दोन वायपर एकमेकांवर आपटतात आणि मोटरवर भार येतो.

फ्रेम शाबूत असेल तर नुसतं रबर बदलूनही भागतं. फक्त रबराच्या दोन्ही कडांना बसणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या खाचा आतल्या बाजूला, रबराकडे ठेवा, आणि रबराचं खाचेचं टोक फ्रेमच्या शेवटच्या पंजात नीट अडकलंय हे ओढून पाहा. ते निसटलं तर रबर सरकत बाहेर येतं आणि पंजाचा उघडा पत्रा काचेवर अर्धवर्तुळ कोरतो.