कोपराचे निदान

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडून बसली, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०७५३ हा कोड दाखवला, एवढी पूर्वपीठिका पुरे. शिफ्ट सोलेनॉइड ‘ए’च्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेवरच्या झडपेच्या, सर्किटमध्ये विद्युतदोष आहे, इतकेच हा कोड सांगतो, तो दोष कॉइलमध्ये आहे, वायरीत आहे, कनेक्टरच्या पिनेत आहे की या झडपेला हुकूम सोडणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये, हे शोधायचे काम माणसावर सोडलेले असते. गॅरेजमधल्या माणसाने मात्र एकाही वायरीला हात न लावता “गिअरबॉक्स उतरवावा लागेल” असे ज्या सुरात सांगितले, त्यावरून नातेवाइकांना कळवावे की काय, असे मला वाटून गेले.

म्हणून मल्टिमीटर घेऊन मीच बॉनेट उघडले. धक्का मारायला बोलावले तर एकही माणूस फिरकत नाही, पण उघड्या बॉनेटपाशी तज्ज्ञ मंडळी आपोआप उगवतात. हे काका तर टॉर्च घेऊनच आले होते आणि बोलताना त्याचा झोत न चुकता माझ्या डोळ्यांवर धरत होते.

“काय मोजताय?”

“सोलेनॉइडचा रेझिस्टन्स, काका. मॉड्यूलच्या टोकाकडून.”

“किती आला?”

“बारा ओहम.”

“आणि बॅटरी किती व्होल्टची?”

“बाराची.”

“मग जुळतंय की! उगाच जिवाला घोर लावून घेताय.”

तांब्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे थंड गाडीतले १२ ओहम तेल नव्वद अंशांपर्यंत तापल्यावर १५ होतात आणि म्हणून केवळ थंड मोजमापावर विसंबता येत नाही, हे मी त्यांना अत्यंत संयमाने समजावले. “वाढतोय ना? मग चांगलंच आहे,” ते म्हणाले, “घटला असता तर काळजी.” यातला संतापजनक भाग असा, की कॉइल आतून शॉर्ट झाली तर रेझिस्टन्स खरोखरच घटतो.

एवढे बोलून ते ऐसपैस टेकले, आणि त्यांचे कोपर नेमके वायरिंग हार्नेसवर, म्हणजे मॉड्यूलपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यावर, पडले. मीटरवरचे १२ नाहीसे होऊन तिथे ‘ओएल’ उमटले, म्हणजे सर्किट तुटले. कोपर उचलले की १२, टेकवले की ‘ओएल’. गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर थेट मोजले, तेव्हा मात्र आकडा ढिम्म हलला नाही. ब्रॅकेटवर घासून घासून वायर आवरणाच्या आत तुटली होती आणि तिची टोके मनाला येईल तेव्हा एकमेकांना भेटत होती.

मीटर लावल्यावर हार्नेस हलवून, ओढून, वाकवून पाहावा, हा या कामाचा प्राथमिक नियम आहे आणि तो मी पाळणारच होतो. पण हे आता कोणाला पटणार? त्याहून खटकते ते हे, की ही तपासणी करायला कोणी तयारच नसते, कारण ग्राहक पैसे मोजतो ते बदललेल्या भागाचे, शोधलेल्या कारणाचे नव्हे, आणि वायरीचा वीतभर तुकडा बिलात फारच केविलवाणा दिसतो.

जोड देऊन, वर आवरण चढवून वायर ब्रॅकेटपासून दूर बांधली, कोड पुसला आणि गाडी सगळे गिअर बदलू लागली. गॅरेजमध्ये फोन करून हे कळवले, तर “वायर होती होय? मी तेच सांगणार होतो,” असे उत्तर मिळाले. स्कॅनिंगचे पैसे परत देण्याचा विषय मी काढताच तिकडे अचानक ऐकू येईनासे झाले.