घरच्या हॉलमध्ये क्विअर (म्हणजे समलैंगिक, ट्रान्स मंडळींचं) नाटक ठेवताय? मग एवढं कराच

सगळ्यात आधी सोसायटीच्या ग्रुपवर काही टाकू नका, आणि टाकायचंच असेल तर 'सांस्कृतिक कार्यक्रम' एवढंच टाका, सांस्कृतिक म्हटलं की आपल्याकडे कोणी फिरकत नाही. मी गेल्या वर्षी आमच्या टू बीएचकेमध्ये (नाशिक, गंगापूर रोड, तिसरा मजला, लिफ्ट बंद) प्रयोग ठेवला तेव्हा प्रामाणिकपणाचा झटका आला आणि सरळ 'ट्रान्स कलाकारांचं नाटक' असं लिहून मोकळा झालो, तर वीस मिनिटांत पार्किंग, पाण्याची टाकी आणि लहान मुलांवरचे संस्कार असे तिन्ही विषय एकदम निघाले. कलाकार रिक्षाने येणार होते हो.

कोणी विचारेलच, घरातच कशाला, कालिदास कलामंदिर आहे की. आहे ना. जाहीर प्रयोग करायचा तर आधी संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची, सर्टिफिकेट यायची वाट बघायची, मग भाडं भरायचं आणि मग तीस प्रेक्षकांना पहिल्या दोन रांगांत बसवून मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत संवाद म्हणायचे. त्यापेक्षा हॉल बरा. शिवाय क्विअर माणसाचं अर्धं नाटक घरातच झालेलं असतं, 'कोणाचा फोन होता एवढा वेळ', 'मुलगी बघायला कधी जायचं', 'ते कानातलं आधी काढ' हे संवाद अशाच सोफ्यावर बसून कोणीतरी म्हटलेले असतात, त्यामुळे सेटचा खर्च शून्य. सोफा फक्त भिंतीला सरकवा. ब्लॅकआउटसाठी मेन स्विचजवळ समजूतदार माणूस उभा करा, आमच्याकडे भाचा होता, त्याने फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि आईस्क्रीमचं सरबत झालं.

पाहुण्यांमध्ये एक तरी काका असा बोलवा जो बालगंधर्वांचं नाव निघालं की डोळे मिटून घेतो. 1911 च्या मानापमानातली भामिनी, तो शालू, ती नजर, बायका कशा त्यांचं बघून नटायला शिकल्या, सगळं तोंडपाठ. मग त्यांना आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांची आठवण करून द्या. 1913 च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, आणि 1917 च्या लंका दहनमध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच, पंचवटीत राहणाऱ्या माणसाला याहून जवळचं उदाहरण मी कुठून आणून देऊ. काका खूश होतात. पुरुषाने बाई व्हायला आपल्या मराठी माणसाची कधीच हरकत नव्हती, अट एकच, पडदा पडला की रंग पुसून, पॅन्ट चढवून, स्कूटरला किक मारून घरी जायचं. आमच्या नाटकातली मुख्य नटी रंग पुसल्यावरही बाईच राहिली, तेवढीच काय ती गडबड झाली.

हेच काका कोजागरीला वणीच्या गडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो त्याचे व्हिडिओ सगळ्यांना पाठवतात, खाली उदो उदो. गडावर हात जोडायचे, सिग्नलला काच वर करायची, आणि तीच बाई हॉलमध्ये येऊन बसली की चहा कशात द्यायचा हा प्रश्न. म्हणून कपांचं आधी ठरवून ठेवा. आमच्या मावशीने ट्रेमध्ये सहा चांगले कप मांडले आणि कडेला एकच कागदी ग्लास, कोणासाठी ते कोणी बोललं नाही पण ट्रे फिरत फिरत बरोबर तिच्यासमोर आल्यावरच तो उचलायला उरला. तिने तो हातात घेतला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, यात दोनच घोट मावतात ओ, मला मोठं काहीतरी द्या, घसा बसलाय." मावशी आत जाऊन फुलपात्र घेऊन आली, आमच्या आजोबांचं, नाव कोरलेलं. मावशीला काही सुचलं नाही म्हणून आणलं की मुद्दाम, ते मी अजून विचारलेलं नाही.

प्रयोगानंतर चर्चा ठेवूच नका. ठेवलीत तर पाचव्या मिनिटाला कोणीतरी 'ऑपरेशन झालंय का' विचारणार. सुप्रीम कोर्टाने 2014 च्या नालसा निकालात (ट्रान्स माणसांच्या हक्कांचा तो) स्वतःची लिंगओळख सांगायला ऑपरेशनची अट घालणं बेकायदेशीर ठरवलं, 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याने त्याच ओळखीसाठी परत कलेक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, हे सगळं समजावत बसू नका, रात्रीचे साडेदहा झालेले असतात. शांतपणे त्यांनाच त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनचं विचारा, टाके किती पडले, दाखवता का. दुसरे एक असतात ज्यांना 2018 मध्ये 377 (समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) गेलं म्हणजे आता सगळं सुटलं असं वाटतं, 'मग आता कशाला नाटक करता' म्हणतात, त्यांना आईस्क्रीम वाढा, म्हणजे सरबत.

तेंडुलकरांनी 1981 मध्ये मित्राची गोष्ट रंगमंचावर आणली, बाईवर प्रेम करणारी बाई, हेही कोणाला सांगू नका, लोकांचा 'हल्लीच सुरू झालंय हे सगळं' हा आनंद कशाला हिरावून घ्यायचा.

आणि सेक्रेटरींसाठी दारापाशी जागा सोडा. आमचे आवाजाची तक्रार घेऊन वर आले, पण बेल काही वाजवली नाही. सेफ्टी डोअरच्या जाळीतून बघत, एक पाय जिन्यात आणि एक आमच्या पायपुसण्यावर असे उभे राहिले, आणि चपलांचा ढीग पडलेला असल्यामुळे आत कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर, ते टाकीचा कॉक फिरवत होते आणि मी कपडे वाळत घालत होतो. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो शेवटी आईला फोन करतो की नाही? मला नेमकं खाली जावं लागलं."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात परत प्रयोग आहे, आत येऊन बसा की.

"येतो," म्हणाले, "फक्त ग्रुपवर टाकू नका."