एसी असताना आणखी एक यंत्र कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (तुम्ही स्वतःच ‘तुझ्या काकाच्या वयाचा आहे’ असं लिहिलंत, म्हणून हे धाडस.)

ह्यूस्टनच्या आमच्या घरात डक्टला, म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या नळाला, जोडून अख्ख्या घराचा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) बसवला, त्यावरचा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचे आक्षेप असे: एसी हवा कोरडी करतोच, तेव्हा हे दुसरं यंत्र म्हणजे विक्रेत्याने घातलेली टोपी. ते यंत्र घरात उष्णता सोडतं आणि तीच बाहेर काढायला एसी पळतो. आणि चिपळूणच्या पावसाळ्यात तुमच्या तीन पिढ्या याच्याशिवाय राहिल्या, तेव्हा खिडक्या उघडाव्यात. शेवटी तुम्ही विचारलंय की अटलांटातल्या लेकीने असं यंत्र घ्यावं का. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, पण क्रमाने जातो.

एसी हवा कोरडी करतो, यात वादच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमचा एसी दिवसभर चालतो आणि आर्द्रता पन्नाशीच्या आसपास एकट्याच्या जिवावर ठेवतो. तेव्हा डिह्युमिडिफायर बहुतेक वेळ गप्प असतो. खरी अडचण मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची. बाहेर 22-23 अंश, आखातावरून येणारी ओली हवा, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरू लागते तो) 19-20 अंश. घरात 24 अंश असले की थर्मोस्टॅट समाधानी. त्याला फक्त तापमान कळतं, ओल कळत नाही. एसी सुरूच होत नाही आणि आत 70 टक्क्यांच्या वर आर्द्रता. थर्मोस्टॅट 20 वर आणून एसी बळेच चालवता येतो, पण मग माणसं स्वेटर घालून बसतात आणि गार पडलेल्या भिंतींना, एसीच्या हवेच्या जाळ्यांना घाम फुटतो.

शिवाय एसी थोडाथोडा वेळ चालला तर पाणी काढतच नाही म्हटलं तरी चालेल. कॉइल, म्हणजे एसीतली गार नळ्या-पत्र्यांची जाळी, गार व्हायला काही मिनिटं जातात, मग साचलेलं पाणी आधी पत्र्यांनाच चिकटून राहतं आणि त्यानंतर कुठे ड्रेनमधून ठिबकू लागतं. तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद झाला आणि पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर असला, तर तेच पाणी हवेत परत. गरजेपेक्षा मोठा एसी बसवला की हा खेळ दिवसभर चालतो. इथले एसीवाले ‘अर्धा टन जास्तच टाकूया’ म्हणतात ना, ते उदारपण महागात पडतं.

तुम्ही अभियंता आहात, तर पुढचा भाग तुम्हाला आवडेल. इन्सुलेशन सुधारलं, चांगल्या काचा बसवल्या की घरात शिरणारी उष्णता कमी होते. ओल मात्र तेवढीच राहते. माणसं श्वास घेतात, अंघोळ करतात, डाळ शिजवतात. त्यात फटी बुजवलेल्या घराला ताजी हवा मुद्दाम द्यावी लागते. मिनिटाला 50 घनफूट हवा धरा. बाहेर दवबिंदू 24 अंश, आत 24 अंशाला 50 टक्के आर्द्रता, म्हणजे दर किलो हवेमागे 9-10 ग्रॅम पाणी जास्तीचं येतं. दिवसाचा हिशेब 20 लिटरच्या वर जातो. घर जितकं चांगलं बांधलेलं तितका एसी कमी चालतो, आणि ओल काढायची संधीही तितकी कमी. आमच्या आधीच्या, सगळीकडून गळक्या घरात ही तक्रार नव्हती. तिथे विजेच्या बिलाची होती.

आता उष्णतेचा मुद्दा. तो बरोबरच आहे, आणि विक्रेते तो सांगत नाहीत. एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी होताना साधारण 0.68 युनिट (विजेचंच युनिट, किलोवॅट-तास) उष्णता सोडते, वर यंत्राने खाल्लेली वीजही खोलीतच उरते. एका युनिट विजेत दोन लिटर पाणी काढणारं यंत्र धरलं तर 20 लिटरसाठी 10 युनिट वीज आणि घरात एकूण 23-24 युनिट उष्णता. ती बाहेर टाकायला एसीला आणखी सहा-सात युनिट. पण यातली 13-14 युनिट पाण्याची आहेत. तेच पाणी एसीने काढलं असतं तरी ती त्याला उपसावी लागलीच असती. राहता राहिला तोटा यंत्राच्या विजेचा, आणि तो मी मान्य करतो. एप्रिलच्या रात्री ती ऊब जाणवत नाही. ऑगस्टमध्ये जाणवली असती, पण तेव्हा यंत्र फारसं चालतच नाही. हवा कोरडी असली की आम्हाला 25 अंशही पुरतात, त्यामुळे थोडं परत मिळतं. सगळं नाही.

खिडक्यांबद्दल मात्र तुमचं आमचं जमणार नाही. कौलारू घरात आतलं आणि बाहेरचं तापमान जवळपास सारखं, वारा खेळता, भिंती जांभ्याच्या. बुरशीला खायला त्यात काही नाही. इथल्या भिंती म्हणजे जिप्समच्या पाट्या, दोन्ही बाजूंनी कागद लावलेला. आणि कागद हे बुरशीचं आवडतं जेवण. गार केलेल्या अशा घरात ओली हवा आत घेतली तर पाणी भिंतीवर आणि भिंतीच्या आतही धरतं. बाकी तीन पिढ्या राहिल्या हे खरं, पण पापड सादळायचे, मीठ पाझरायचं, कपाटातल्या रेशमी साड्यांना कुबट वास यायचा आणि पाऊस सरला की सगळं उन्हात घालायचा कार्यक्रम असायचा, हेही तुम्हाला ठाऊक आहे. चिपळूणच्या उघड्या घरात डिह्युमिडिफायर लावणं हा वेडेपणा, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा. अरबी समुद्र किती उपसणार?

लेकीकडे या. तिच्या घराखाली क्रॉलस्पेस (जमीन आणि तळमजल्यामधली रांगत जाण्याएवढी पोकळी) आहे आणि कंत्राटदार 120 पाइंटचं यंत्र सुचवतोय. 120 पाइंट म्हणजे दिवसाला सुमारे 57 लिटर, पण हा आकडा 60 टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. 50 टक्क्यांवर आणायचं तर तेच यंत्र कमी पाणी काढतं. तरी तिने आज सही करू नये. आधी खाली वाकून बघावं: मातीवर प्लॅस्टिक अंथरलंय का, पन्हळीचं पाणी पायाशीच पडतंय का, कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी बाहेर निघते की खालीच फुंकते, बाथरूमचे पंखे खरंच बाहेर हवा टाकतात का. एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवावा. ॲटिकमधले (छपराखालच्या माळ्यातले) डक्ट गळत असतील तर घर बाहेरची ओली हवा ओढून घेतं, ते बुजवावेत. यातल्या एखाद्या गोष्टीनेच यंत्राची गरज संपल्याची घरं आहेत.

मग स्वस्तातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घ्यावा, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. चमचाभर मीठ पाण्याने नुसतं ओलसर करून, घट्ट झाकणाच्या डब्यात त्याच्याशेजारी मीटर रात्रभर ठेवावा. 75 टक्के दाखवायला हवेत. जो फरक येईल तो लक्षात ठेवायचा. इतकं करूनही एसी फारसा चालत नसलेल्या दिवसांत घरात कायम 60 च्या वर दिसलं, तर यंत्र घ्यायला हरकत नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, घरात 60 च्या खाली, शक्यतो 30 ते 50 राखायला सांगते. पण 40 च्या मागे लागू नये, वीज उगाच जाते.

घेतलंच तर कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारावा: कोरडी हवा कुठे सोडणार? एसीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे खोल्यांतून परत येणाऱ्या हवेत, कॉइलच्या आधी, असं तो म्हणाला तर दुसरा कंत्राटदार शोधावा. गरम कोरडी हवा ओल्या कॉइलवरून गेली की काढलेलं पाणी परत उचलून आणते. ती कॉइलच्या पुढे, सप्लायच्या, म्हणजे खोल्यांकडे जाणाऱ्या हवेच्या, बाजूला जायला हवी, मध्ये उलटी हवा अडवणाऱ्या झडपेसह. आणि यंत्र ॲटिकमध्ये टांगणार असतील तर खाली ट्रे आणि त्यात फ्लोट स्विच (पाणी चढलं की यंत्र बंद करणारा) लावून घ्यावा, नाहीतर ड्रेन तुंबला की ते पाणी छतातून खाली येतं.